मुहूर्ताची पेटी कुणी घ्यावी?

टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर जोडले. आता दुकान पुतण्या बघतो. मी अकराच्या सुमाराला जाऊन खुर्ची अडवतो, अमृततुल्यचा चहा मागवतो आणि तुमची पत्रं वाचतो. या वेळी निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची आली, त्यामुळे पहिल्या उत्तराने बरीच जागा खाल्ली आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम असं मशीन लॉकडाऊनमध्ये घेतलं. नंतर आरटीएक्स ३०६० कार्ड टाकलं. संध्याकाळी गेम्स खेळतो आणि शनिवार-रविवारी मित्राला लग्न-मुंजींचे व्हिडिओ एडिट करून देतो. नव्या पिढीचे प्रोसेसर येणार म्हणतात. आठ कोअरचा लाँचला कितीला असेल? थांबू की आत्ताच काहीतरी घेऊ? मी २०१७ पासूनच्या सगळ्या किमती एक्सेलमध्ये भरून सरासरी काढली आहे, ती ३७१ डॉलर येते. बरोबर आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एक्सेल नीट भरलं असणार याबद्दल शंका नाही, पण गेल्या दहा वर्षांची सरासरी सांगून लक्ष्मी रोडवर कुणी सोनं देत नाही.

माझ्याकडे एक्सेलऐवजी वही आहे. कंपनीने किंमत जाहीर करण्याआधी मी आणि पुतण्या आपापला आकडा तिच्यात लिहून ठेवतो. ज्याचा आकडा लांब पडेल त्याने आठवडाभर चहाचे पैसे द्यायचे. २०२० पासून बहुतेक चहा मीच पाजले आहेत, तेव्हा चुकीचे अंदाज कसे बांधायचे यावर बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीआधीचीच नोंद बघा. तुमचा ३६०० हा २०१९ च्या जुलैमध्ये १९९ डॉलरला आला होता, त्याचा थोरला भाऊ ३६००एक्स २४९ ला. पुढचा ५६००एक्स कितीला? मी लिहिलं २४९, कारण आधीचा तेवढ्याला होता. पुतण्याने लिहिलं २९९. मी हसलो. ५ नोव्हेंबरला तो बाजारात आला, २९९ लाच. ‘कसं रे ओळखलंस?’ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काका, एवढी वर्षं एएमडीवाले इंटेलच्या मागे होते म्हणून स्वस्त देत होते. आता पुढे गेलेत, कशाला स्वस्त देतील?’

आणि त्यांनी नुसते ५० डॉलर चढवून भागवलं नाही. १९९ वाला धाकटा भाऊ त्या वेळी काढलाच नाही. साधा ५६०० आला तो सतरा महिन्यांनी, २०२२ च्या एप्रिलमध्ये. मधल्या काळात, २०२१ च्या नोव्हेंबरात, इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणून शेजारी गाडी लावली होती. शेजारी गाडी लागल्यावर वडापावचा भाव कसा जागेवर येतो, ते तुम्हाला कोथरूडमध्ये राहून मी सांगायला नको.

उलट बाजूही पाहिली आहे. २०११ च्या जानेवारीत इंटेलचा आय७-२६००के ३१७ डॉलरला आला, चार कोअरचा, म्हणजे आत काम करणारे हात चार. २०१७ च्या जानेवारीत आय७-७७००के आला ३३९ ला, तोही चारच कोअरचा. सहा वर्षं गिऱ्हाईक दर वर्षी विचारायचं, ‘नवीन काय?’ आणि मी डब्याचा रंग दाखवायचो. शेजारी कुणी तुल्यबळ नव्हतं. मग २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीचा रायझन ७ १८००एक्स आठ कोअर घेऊन ४९९ ला आला. त्या वेळी इंटेलचा आठ कोअरचा ६९००के हजार डॉलरच्या वर होता. त्याच ऑक्टोबरात इंटेलला सहा कोअरचा आय७-८७००के ३५९ ला द्यावा लागला. म्हणजे सहा वर्षांत जे सुचलं नाही ते सात महिन्यांत बाजारात आलं. प्रोसेसर बनवायला किती खर्च येतो यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. खर्चावरून फार तर किंमत कितीच्या खाली जाणार नाही ते कळतं. वरचा आकडा शेजाऱ्याकडे बघून ठरतो.

हा धडा घेऊन मी २०२२ ला ७६००एक्ससाठी ऐटीत ३२९ लिहिलं. एएमडी जोरात आहे, वाढवणारच! आला २९९ ला. मी दोन गोष्टी विसरलो होतो. महिन्याभरात इंटेलचा आय५-१३६००के येणार होता, तो ३१९ ला आला. शिवाय ७०००च्या मालिकेला नवा एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) बोर्ड आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅम लागते. गिऱ्हाइकाला तिन्ही नवं घ्यायला लावायचं तर चिपवर आणखी चढवून कसं चालेल? चढवलं नाही तरी लोक बिचकलेच. दोन महिन्यांत अमेरिकेत तो २४९ ला विकला जात होता आणि २०२३ च्या जानेवारीत ‘एक्स’ नसलेला ७६०० आला २२९ ला. ज्याने पहिल्या आठवड्यात घेतला त्याच्या खिशातून ५० डॉलर घाईपोटी गेले.

२०२४ ला एएमडीचा आठ कोअरचा ९७००एक्स. आधीच्या ७७००एक्सची छापील किंमत ३९९, म्हणून मी ३९९. पुतण्याने लिहिलं ३४९. आला ३५९ ला. तो छापील आकड्याकडे बघतच नाही. आधीचा माल आज किती रुपयांना निघतोय ते बघतो. दुकानात ७०००ची मालिका पडेल भावात असताना नवा माल जुन्या छापील किमतीला कोण उचलणार? त्या वर्षी सगळी ओळच खाली आली होती : २९९ चा वारस २७९ ला, ५४९ चा ४९९ ला, ६९९ चा ६४९ ला.

अपवाद थ्रीडी कॅशवाल्यांचा, म्हणजे चिपवरच जास्तीची मेमरी चढवलेल्यांचा. ५८००एक्सथ्रीडी ४४९, ७८००एक्सथ्रीडी ४४९ आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ९८००एक्सथ्रीडी ४७९. गेम्समध्ये त्यांच्या शेजारी कुणाची गाडीच नाही, म्हणून भाव वर.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या वेळी वहीत मी आठ कोअरच्या साध्या चिपपुढे ३७९ लिहिलंय. ३५९ च्या खाली जायला कंपनीला काही कारण दिसत नाही आणि ४०० च्या वर गेलं तर जुना ९७००एक्सच त्याचा वैरी होईल. पुतण्याने आपला आकडा लिहून पान दुमडून ठेवलंय. माझा पूर्वेतिहास पाहता तुम्ही त्याच्या आकड्याची वाट बघावी हे बरं.

पण डॉलर तुमच्या कामाचे नाहीत, तुम्हाला रुपये मोजायचेत. अमेरिकेतली जाहीर किंमत विक्रीकर सोडून असते, आपल्याकडे बिलावर १८ टक्के जीएसटी बसतो. डॉलर ८५ रुपये असेल तर ८५ गुणिले १.१८ म्हणजे जवळजवळ १००. तेव्हा डॉलरच्या आकड्यावर दोन शून्यं द्या, ३५९ चे ३५,९००. डॉलर ९० झाला की शंभराऐवजी १०६ ने गुणा, ३८ हजारांवर जातं. त्यावर आयात करणाऱ्याचे, डिस्ट्रिब्यूटरचे आणि आम्हा गरिबाचे पाच-दहा टक्के. २०२० चा ५६००एक्स आणि २०२२ चा ७६००एक्स दोन्ही २९९ चेच. पण पहिल्या वेळी डॉलर ७४ च्या आसपास होता आणि दुसऱ्या वेळी ८१ च्या वर, त्यामुळे नुसत्या रुपयाच्या घसरणीने दुसरा अडीच हजारांनी महाग पडला. एक्सेलमध्ये हा रकाना घातलाय का?

आपल्याकडे पहिल्या महिन्यात भाव या हिशेबाच्याही वर असतो. मार्केट यार्डात हापूसची मुहूर्ताची पेटी येते, तिला हार घालतात, बोली लागते, पेपरात फोटो येतो. ती घेणाऱ्याची हौस असते, त्याला नावं ठेवू नयेत. पण घरात आमरस करायचा असतो तो माणूस अक्षय तृतीयेपर्यंत दम धरतो.

आता तुम्ही काय करावं. आधी बघा की अडतंय कुठे. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर पन्नास-साठवर घुटमळत असेल तर कुठल्याही कंपनीचा कुठल्याही किमतीचा प्रोसेसर तुमचा गेम पळवणार नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टचं वेगळं आहे, तिथे जास्तीच्या दोन कोअरचा फरक जाणवतो. त्यासाठी तुमच्याच बोर्डावर ५७००एक्स बसतो. आठ कोअर, ३६०० सारखाच ६५ वॉटचा, म्हणजे एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) तोच, रॅम तीच. ५८००एक्सथ्रीडी बॉक्स पॅक आणि वाजवी भावात मिळाला तर गेम्ससाठी तो अधिक चांगला, पण त्याच्यासाठी दुकानं पालथी घालू नका.

एएम५ वर उडी मारायची तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम आलीच, आणि २०२५ च्या दिवाळीच्या सुमारापासून रॅमचे भाव कसे भडकलेत ते मी दुकानात बसून बघतोय. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात मेमरी बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या गुंतल्यात, तुमच्या-आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतंय. लोक प्रोसेसरच्या पन्नास डॉलरवर डोळे लावून बसतात आणि त्याच्या कितीतरी पट रॅममध्ये घालवतात. तुमची १६ जीबी डीडीआर४ आज जपून ठेवायची वस्तू आहे. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवायचं सांगितलंय, तेव्हा गाडी चुकणार नाही. एक-दोन वर्षांनी सावकाश जा.

५७००एक्स घेतलात तर बायोसचं (बोर्डाला प्रोसेसर ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं) अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. आधी चिप बदलली आणि बोर्डाने तिला ओळखलंच नाही, तर जुनी परत बसवत बसाल. आणि गुरुवारी करू नका. महावितरणचा देखभालीचा वार आहे, अपडेटच्या मध्यात लाइट गेली की बोर्ड दगड होतो. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. कूलर आणि चिपमधल्या थंड पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मी स्वतः तीन उपटलेत.

प्रश्न : मुलाला यंदा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. तो म्हणतो कॉम्प्युटर घ्यायचा तर ‘आय७’च. दुकानदार आय५-१२४००एफ सांगतोय. एफ म्हणजे नापास झालेला माल का? दुसरीकडे दिरांच्या ऑफिसातला आय७-७७०० चा कॉम्प्युटर फुकट मिळतोय.
– एक गृहिणी, सिंहगड रोड

उत्तर : ताई, आय५ आणि आय७ या इयत्ता नाहीत. पुढचा आकडा बघायचा. ७७०० हा सातव्या पिढीचा, २०१७ चा, चार कोअरचा. १२४०० बाराव्या पिढीचा, २०२२ चा, सहा कोअरचा, आणि सगळ्या बाबतीत त्याच्या पुढे. २०१७ ची दहावी आणि २०२२ ची बारावी म्हणा हवं तर. फुकटच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही हेही चिरंजीवांच्या कानावर घाला.

एफ म्हणजे त्यात स्क्रीनवर चित्र उमटवायची सोय नाही; वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. इंटेलच्या यादीत १२४०० होता १९२ डॉलरचा आणि १२४००एफ १६७ चा. हे २५ डॉलर वाचवायला एक गृहस्थ नुसता एफ घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी धनकवडीहून रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन आले, ‘डिस्प्ले येत नाही.’ कसा येणार! पहिल्या वर्षाला कार्ड लागत नाही, तेव्हा दुकानदाराला एफ नसलेला मागा. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला गेला आणि थ्रीडी ड्रॉइंग सुरू झाली की कार्ड नंतर टाकता येईल. एसएमपीएस मात्र आत्ताच बरा घ्या.

प्रश्न : आमचं अप्पा बळवंत चौकाजवळ छपाईचं आणि अक्षरजुळणीचं काम आहे. चार मशीन, सगळी आय५-७४००, विंडोज १०. कामाला काहीच त्रास नाही, पण मुलगा म्हणतो बदला. नवीन प्रोसेसरची किंमत उतरेपर्यंत थांबलो तर चालेल का?
– एक मुद्रक, नारायण पेठ

उत्तर : तुमचा प्रश्न वेगाचा नाहीच. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे भरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदणी करून घरगुती वापरासाठी मिळणारी वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तुमची सातवी. एका पायरीने हुकलंय, वाईट वाटतं, पण हुकलंय. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्ह दिवसभर ज्यात खुपसल्या जातात ती मशीन उघडी ठेवू नका.

तरी चारही एकदम बदलायची गरज नाही. इंटरनेट आणि पेन ड्राइव्हचं मशीन आधी बदला. नुसत्या जुळणीचं मशीन नेटपासून तोडून जुन्यावर चालू द्या. त्यात अजून हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, लोकांना वाटतं तो प्रोसेसरचा संथपणा पुष्कळदा हार्ड डिस्कचा असतो. नवीन घेताना बाराव्या पिढीचा साधा आय५ तुमच्या कामाला भरपूर झाला. लाँचची वाट बघण्यासारखं तुमच्यासाठी त्यात काही नाही. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (ते चालायला पोर्टात खोचावी लागणारी किल्ली) असेल तर जुनं मशीन विकण्याआधी तो नव्यावर चालवून बघा. जुना प्रिंटर पोर्टवाला डाँगल असेल तर नव्या बोर्डावर ते पोर्टच सापडत नाही.

एक गोष्ट पैशाची. जीएसटी नंबर आहे ना? मग त्या नंबरचं पक्कं बिल घ्या, भरलेला १८ टक्के कर वळता करून घेता येतो. ४०,००० च्या बिलात ६,१०२ रुपये कराचे असतात. ‘बिल नको, हजार कमी देतो’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

प्रश्न : ओळखीतला एकजण आय९-१३९००के निम्म्या किमतीत देतोय. ‘फक्त गेम खेळलोय, काही बिघडलेलं नाही.’ घेऊ?
– विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : नको रे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन ते हळूहळू झिजतात, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं. मायक्रोकोडचं (चिपच्या आतल्या सूचनांचं, बायोसमधून येणारं) अपडेट दिलं आणि डबाबंद मालाची गॅरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. गंमत म्हणजे अशा मशीनवर गेम बंद पडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप येतो आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात. मूळ डबा आणि बिल असेल, त्याने बायोस कधी अपडेट केलं ते सांगितलं, आणि गॅरंटी तुझ्या हाती येत असेल तर पुन्हा विचार. ट्रेचा, म्हणजे डब्याविना सुटा विकलेला माल असेल तर विषय संपला.

प्रश्न : भाऊ अमेरिकेत असतो, डिसेंबरात येतोय. प्रोसेसर तिकडून आणवला तर किती वाचतील?
– एक वाचक, औंध

उत्तर : भाऊ राहतो कुठे त्यावर आहे. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, कॅलिफोर्नियात सव्वासात टक्क्यांपासून पुढे. तेव्हा १८ टक्के पूर्ण वाचतातच असं नाही, आणि बिघडला तर गॅरंटीसाठी कुणाकडे जायचं हे भाऊ परत गेल्यावर आठवतं. आणवायचाच तर न फोडलेल्या डब्यासकट. एकाने जागा वाचवायला नुसती चिप रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशातून आणली होती. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटची, १३३१ पिनांची. विमानात झोपला. सात वाकल्या होत्या, पुतण्याने भिंग लावून पाच सरळ केल्या.